पाच बेचाळीसचा मेल

१

आधी एक चप्पल पडली. टपरीवर चहा पीत उभ्या असलेल्या दोघांनी वर पाहिलं, आणि तेवढ्यात माणूसच खाली आला.

नवी मुंबईतल्या महाप्याच्या एमआयडीसीत, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेला तो माणूस म्हणजे कुंदन कोळी. वय चौतीस. दिवाळे गावचा. तिसऱ्या मजल्यावर ‘जोडपत्र’ नावाच्या छोट्या कंपनीत तो मेल सर्व्हर सांभाळायचा. शाळा, दवाखाने, सोसायट्या, क्लासेस अशा तीनेकशे गिऱ्हाइकांचे मेल त्या कंपनीतून जायचे-यायचे. मंगळवार होता, संध्याकाळचे साडेपाच. वाशीच्या हॉस्पिटलात पोचायच्या आधीच तो गेला.

पोलिसांना फार धावपळ करावी लागली नाही. कुंदनची बायको स्नेहल कोपरखैरण्याला एका खाजगी शाळेत शिकवायची. तिच्या शाळेच्या मेलवर त्याच संध्याकाळी नवऱ्याचा मेल येऊन पडला होता.

‘स्नेहल, वेगळं घर, वेगळं घर, तुझं एकच. घे, झालो मी वेगळा. किमयाला आईकडे ठेव. तिला तुझ्यासारखी करू नकोस. कुंदन.’

दिवाळ्याचं घर सोडून घणसोलीला फ्लॅट घ्यावा म्हणून स्नेहल त्याच्या मागे लागली होती, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. मेलवर कुणी शंका घेतली नाही. स्नेहलनेसुद्धा नाही.

तेराव्याच्या दिवशी सासूने, गोजराने, सुनेची बॅग ओट्यावर आणून ठेवली. पाच वर्षांच्या किमयाला पाठीमागे घेतलं आणि म्हणाली, “ही इथंच राहील. त्याना लिवलंय तसा.” शाळेचा मेल मुख्याध्यापिकाही वाचायच्या. त्यांनी स्नेहलला दोन महिने ‘विश्रांती’ घ्यायला सांगितलं, आणि दोन महिने संपल्यावर तिच्या जागी दुसरी बाई दिसली.

२

तीन महिने गेले. मे महिन्यात शालन केळुसकर जोडपत्रच्या ऑफिसात आल्या. त्यांचा या मृत्यूशी काही संबंध नव्हता. त्यांना बोलावलं होतं ते आयपी सोडवायला.

शालनताई एकसष्ट वर्षांच्या. वाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, सानपाड्याला एकट्या राहणाऱ्या. निवृत्तीनंतर त्यांनी एक विचित्र काम धरलं होतं. प्रत्येक मेल सर्व्हरला इंटरनेटवर एक नंबर असतो, घराच्या पत्त्यासारखा. तो आयपी. एकदा त्या पत्त्यावरून फसव्या मेलची घाण बाहेर पडली, की मोठ्या मेल कंपन्या तिथून येणारं काहीच आत घेत नाहीत. मग त्यात लग्नाची पत्रिका असो की रक्ताचा रिपोर्ट. कंपन्यांना फोन करता येत नाही, कुणाला भेटता येत नाही. एक फॉर्म असतो. त्यात लिहायचं, घाण कशामुळे आली आणि तुम्ही काय केलंत. उत्तर पटलं तर दार उघडतं. लोकांचे असे फॉर्म शालनताई भरून द्यायच्या.

“सगळ्यात मोठं दुखणं नभमेलचं आहे,” जोडपत्रचा मालक विश्वजित नलवडे म्हणाला. साताऱ्याकडचा, जाडजूड, सतत घाईत. “अर्धी दुनिया नभमेलवर. फेब्रुवारीत पहिल्यांदा ब्लॉक केलं. आमच्या ऋषीनं फॉर्म भरला, गुरुवारी उघडलं. पुढच्या आठवड्यात परत बंद. तेव्हापासून हेच चाललंय. गिऱ्हाइकं पळतायत, मॅडम.”

“फॉर्ममध्ये कारण काय लिहिलंत?”

“हॅकिंग. दुसरं काय लिहिणार?”

“नभमेलला ते पटत नाही. कुणी, कुठून, कसं, ते नेमकं सांगावं लागतं. मला फेब्रुवारीपासूनचे लॉग द्या.”

लॉग म्हणजे सर्व्हरची वही. कुठला मेल किती वाजता निघाला, समोरच्याने घेतला की परत पाठवला, सगळं त्यात आपोआप उतरतं. शालनताई दोन दिवस ती वही वाचत बसल्या. एक गोष्ट लवकरच सापडली. कुंदन पडला त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, सर्व्हरवरून चाळीस हजार मेल सुटले होते, विमानतळावर नोकरी लावून देतो म्हणणारे, खोटे. ते तळवलीच्या एका बंद पडलेल्या क्लासच्या खात्यातून गेले होते. त्या खात्याचा पासवर्ड आदल्या शुक्रवारी ऑफिसातूनच बदलला गेला होता. सोमवारी अकरा वाजता नभमेलने दार लावलं.

मग त्यांनी मंगळवार उघडला. नभमेलकडे निघालेला एकूण एक मेल परत आलेला. सकाळपासून एकच उत्तर, शेकडो वेळा: तुमच्या पत्त्यावरून काही घेतलं जाणार नाही. मात्र दुपारी चारनंतर बत्तीस मेल आत गेले होते.

त्यातले एकतीस घणसोलीच्या एका डायलिसिस सेंटरचे. पेशंटांचे रिपोर्ट.

बत्तिसावा पाच बेचाळीसला एका शाळेच्या पत्त्यावर गेला होता. पाठवणाऱ्याचं नाव कुंदन कोळी.

शालनताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुंदन पडला साडेपाचला, हे त्यांना ऑफिसात आल्या दिवशीच कळलं होतं.

३

“मॅडम, मेल टायमर लावून पण पाठवता येतो ना,” ऋषी म्हणाला. ऋषी हा कुंदनच्या हाताखालचा इंजिनिअर. पंचविशीतला, खांदे पडलेला, बोलताना पेनाचं टोपण चावणारा. “कुंदनदादानं लावला असेल आधीच. आणि हा मेल गेला तर त्यात काय? शाळेचा मेल होता ना तो, नभमेल थोडाच.”

“शाळेचं नाव पत्त्यात असतं. पेटी कुणाकडे असते?”

ऋषीने तिथेच तपासलं. शाळेची मेलपेटी नभमेलकडे होती. त्याच्या तोंडातून टोपण खाली पडलं.

“आयला. मग तो जायलाच नको होता.”

“कुंदनला हे माहीत होतं?”

“माहीत म्हणजे? वहिनींच्या शाळेचं सेटिंग त्यानंच फुकटात करून दिलेलं.”

“त्या संध्याकाळी तू कुठे होतास?”

“मी दिवसभर ऐरोलीला डेटा सेंटरात. पाच वाजता आलो. कुंदनदादा म्हणाला, वर जाऊन फोन करून येतो. आपल्या ऑफिसात मोबाईलला रेंज नसते. मी हेडफोन लावून बसलो. नंतर खालून बोंब ऐकू आली. मी, सर, सगळे धावलो. प्राची वर थांबली, ऑफिसच्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलवायला.”

“मग ॲम्ब्युलन्स तिनंच बोलावली?”

ऋषीने पडलेलं टोपण उचललं. “नाही... ती टपरीवाल्यानं बोलावली होती. पावती त्याच्याच नंबरावर आली.”

विश्वजितला कुंदनबद्दल विचारलं तर त्याने आधी घड्याळ पाहिलं. “मी त्या दिवशी साडेचारपर्यंत बेलापूरला गिऱ्हाइकाकडे शिव्या खात होतो. आलो आणि कुंदनवर ओरडलो, हे खरं. दोन दिवस झाले, एक मेल जात नाही, तू करतोयस काय? नंतर माझ्या केबिनमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती, खालून आवाज येईपर्यंत. आता म्हणा, माझ्या ओरडण्यानं मेला म्हणून. पण चिठ्ठीत बायकोचं नाव आहे, मॅडम. माझं नाही.”

“एकही मेल जात नव्हता, असं कुंदननं तुम्हाला सांगितलं?”

“हो. पार ठप्प म्हणाला.”

प्राची सावंत गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. बत्तीस वर्षांची, नीटनेटकी, आवाजात मध. तिने शालनताईंसाठी स्वतः चहा आणला.

“कुंदनचं बोलूच नका, ताई. अजून रडू येतं. मी दर रविवारी स्नेहलकडे डबा घेऊन जाते. तळवलीला एका खोलीत राहते बिचारी. तिला कुणी नाही हो.”

“त्या मंगळवारी कुणाचे मेल जात होते का?”

“कुणाचेच नाही. दिवसभर तेच सांगत होते मी सगळ्यांना. सगळ्यांचं बंद आहे, धीर धरा.”

“डायलिसिस सेंटरचं पण?”

“सगळ्यांचं,” प्राची म्हणाली, आणि साखर हवी का ते विचारलं.

४

घणसोलीच्या डायलिसिस सेंटरचे डॉक्टर दिनानाथ गोगटे दोन पेशंटांच्या मधल्या वेळात भेटले. त्यांना तो दिवस चांगला आठवत होता.

“सोमवारपासून आमचे रिपोर्ट परत येत होते. एका म्हाताऱ्या बाईचं पोटॅशियम इतकं वाढलेलं, की तिच्या मुंबईच्या डॉक्टरला ते त्याच दिवशी कळायला हवं होतं. मी कुंदनला म्हटलं, बाबा रे, काहीतरी कर. त्यानं केलं. दुसरा एक नवा आयपी घेतला आणि फक्त आमच्यासाठी त्याच्यावरून रस्ता काढला. दुपारी साडेतीनला.”

“हे आणखी कुणाला माहीत होतं?”

“कुणालाच सांगू नका म्हणाला. नवा आयपी लहान मुलासारखा असतो म्हणे, एकदम ओझं टाकलं तर तोही ब्लॉक होतो. सरांना कळलं तर ते तीनशे गिऱ्हाइकं त्याच्यावरच ढकलतील. आणि ऋषीच्या पोटात काही राहत नाही.”

“मग तुम्हाला पासवर्ड, सेटिंग हे कुणी सांगितलं? कुंदननं?”

“नाही, तो दुसऱ्या कामात होता. फोनवर ती मुलगी होती ना, प्राची. तिनंच एकेक करून करून घेतलं माझ्याकडून. तीसुद्धा दोनदा म्हणाली, कुणाला बोलू नका.”

शालनताई खाली आल्या तेव्हा रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी कागदावर उतरून आणलेली ओळ परत वाचली. पाच बेचाळीसच्या मेलवर नाव कुंदनचं होतं, मशीन कुंदनचं होतं. पण बाहेर पडताना त्याने जो पासवर्ड दाखवला होता तो डायलिसिस सेंटरचा.

आणि त्याच्या वर, वीस ओळींआधी, दुसरी एक ओळ होती. तिच्याखाली त्यांनी पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या.

५

तळवलीच्या खोलीत स्नेहल शिकवणीच्या वह्या तपासत होती. तिने शालनताईंना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाली, “मी किती भांडायचे ते विचारायला आला असाल तर हो, भांडायचे. रोज.”

“प्राचीला ते माहीत होतं?”

“कुंदन डबा खाताना सगळं बोलायचा तिच्याजवळ. ती चांगली आहे. तीच म्हणते, तू तरी किती बोलायचीस गं त्याला, पुरुष सांगत नाहीत, आतल्या आत कुढतात.” स्नेहल वहीवर तांबडी रेघ ओढत राहिली. “खरंच आहे ते. पण मला त्याचा राग येतो, ताई. मुलीला माझ्यासारखी करू नकोस? मेलेल्या माणसावर इतकं रागवता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्याचा फोटो मी उलटा करून ठेवलाय.”

शालनताईंनी तिला काही सांगितलं नाही. अजून एक गोष्ट हातात यायची होती.

दिवाळ्याला खाडीच्या बाजूला गोजरा बोंबील वाळत घालत होती. साठीची, काटक. स्नेहलचं नाव काढताच ती थुंकली. पण शेवटच्या फोनबद्दल विचारलं तेव्हा तिने कमरेचा मोबाईल काढला. तीन महिन्यांत तिने त्यातलं काही पुसलं नव्हतं. लेकाची शेवटची नोंद बघायला कुणीतरी आलं, याचंच तिला बरं वाटलं असावं.

“हा बग. पाच पंधराला. तेरा मिन्टा बोलला माज्याशी. गच्चीवरून. वारा लागत होता त्याचे फोनाला.”

“काय बोलला?”

“जालीत जिताडा गावला तर ठेव बोलला. रविवारी खाऊ.” ती थांबली. “स्नेहलला आवरतो, मनापासून खाते, बोलला.”

“हे पोलिसांना सांगितलंत?”

गोजराने बोंबलाची ओळ सरळ केली. “कशाला? तो निरोप घेवाला बोलत होता. मना तवा समजला नाय.”

पाच पंधरा ते पाच अठ्ठावीस. शालनताईंनी पर्समधला कागद काढला आणि वीस ओळींआधीची ओळ पुन्हा वाचली. पाच एकवीस.

६

इन्स्पेक्टर हौसेराव शिर्के यांनी फेब्रुवारीत ही केस तीन दिवसांत बंद केली होती. ते नाखुशीनेच आले. दुपारचे बारा वाजले होते. जोडपत्रच्या लांबट खोलीत विश्वजित, ऋषी आणि प्राची बसले होते.

“ती चिठ्ठी दोनदा पाठवली गेली,” शालनताई म्हणाल्या. “पहिल्यांदा पाच एकवीसला, कुंदनच्या मशीनवरून, नेहमीच्या रस्त्याने. नभमेलनं ती घेतली नाही. तोच पत्ता, तेवढीच लांबी. त्या क्षणी कुंदन गच्चीवर आईशी बोलत होता. पाच पंधरा ते पाच अठ्ठावीस. आईच्या फोनात नोंद आहे, कंपनीकडून तुम्ही मागवू शकता.”

शिर्के ताठ बसले. “टायमर लावला असेल त्यानं.”

“तो पाच एकवीसचा लावला असेल, समजू. पण त्याला ठाऊक होतं की बायकोची पेटी नभमेलकडे आहे. दोन दिवस तो त्याच बंद दारावर डोकं आपटत होता. त्याच दारावर तो शेवटची चिठ्ठी कशाला टाकेल? आणि परत आलेला मेल वाचून, खोडून, दुसरा रस्ता शोधून पाच बेचाळीसला पुन्हा पाठवणं कुठल्या टायमरला जमतं? तोवर कुंदन खाली पडून बारा मिनिटं झाली होती.”

विश्वजितने हळूच ऋषीकडे पाहिलं. शिर्क्यांनीही पाहिलं. “रस्ते बदलणं म्हणजे इंजिनिअरचं काम,” ते म्हणाले.

ऋषी पांढरा पडला. “मी नाही... साहेब, मी...”

“तो नाही,” शालनताई म्हणाल्या. “ऋषी असता तर नव्या आयपीवरून स्वतःच रस्ता काढला असता, दोन मिनिटांचं काम होतं. ज्यानं हे केलं त्याला रस्ता काढता येत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की डायलिसिस सेंटरचं दार उघडं आहे, आणि त्या दाराची किल्ली माहीत होती. विश्वजितना तर असं दार आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्यासमोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. डॉक्टर घणसोलीत होते. डॉक्टरांना ती किल्ली फोनवर सांगणारी एकच व्यक्ती या खोलीत आहे. तिनं मला चहा देताना सांगितलं की त्या दिवशी सगळ्यांचंच बंद होतं.”

प्राचीने ओढणी सारखी केली. “ताई, इतक्या गडबडीत माणूस विसरतो.”

“तळवलीच्या बंद क्लासचा पासवर्ड शुक्रवारी बदलला. तो अधिकार फक्त तुला आणि कुंदनला. शुक्रवारी कुंदन रजेवर होता, भावकीत हळद होती. त्या खात्यातून नोकरीची खोटी पत्रं गेली, चाळीस हजार. ती कुणी लिहिली?”

“मला माहीत नाही.”

“तुझ्या फोनच्या नोंदी आहेत इथे. दिवसभर तू दर दोन मिनिटांनी एक फोन घेतलास. पाच बारा ते पाच पंचेचाळीस, एकही नाही. ॲम्ब्युलन्स टपरीवाल्यानं बोलावली. वर एकटी थांबून तू काय करत होतीस, प्राची?”

प्राचीने ओढणी हातातून सोडली. मग बोलायला लागली तेव्हा आवाजातला मध गेला होता.

“पार्थनं पाठवले ते मेल. आमचं लग्न ठरलंय त्याच्याशी. मला म्हणाला, एकदाच, कुणाला कळणार नाही. कुंदनला कळलं. मंगळवारी जेवताना म्हणाला, नभमेलच्या फॉर्मात कारण लिहावं लागतं, खोटं चालत नाही. उद्या सकाळी मी लिहिणार. त्याआधी तू सरांना स्वतः सांग. मोठ्या मनानं एक रात्र दिली मला. मी पाया पडले त्याच्या. म्हणाला, तीनशे लोकांचे मेल अडलेत गं, तुझं एकटीचं कसं बघू?”

“म्हणून ढकललंस?” शिर्क्यांनी विचारलं.

“तो कठड्याला रेलून फोन बघत होता. कठडा गुडघ्याएवढा आहे तिथला. जोर लागला नाही.”

“चिठ्ठी आधी पाठवून मग वर गेलीस.” शालनताईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तीन महिने त्या पोरीला डबे नेलेस. तिच्या तोंडावर सांगितलंस, तूच त्याला बोलत होतीस म्हणून. तिचं नाव कशाला घातलंस त्यात? कामाचा कंटाळा आला, एवढं लिहून भागलं असतं.”

प्राचीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू गिऱ्हाइकाने फारच सोपा प्रश्न विचारला होता.

“कामाचं लिहिलं असतं तर पोलीस कामाची चौकशी करायला आले असते. बायकोचं लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. विचारलं का कुणी?”

शिर्क्यांनी मान खाली घातली.

७

प्राचीला खाली नेलं. जिन्यातला आवाज बंद झाल्यावर विश्वजितने कपाळ पुसलं, पाण्याचा ग्लास संपवला आणि म्हणाला, “मॅडम, मग आता फॉर्ममध्ये कारण काय लिहायचं?”

“जे झालं ते.”

“खुनाचं नको हो. एवढंच लिहा, आमच्या कर्मचाऱ्यानं पासवर्ड दिला, तिला काढून टाकलंय.”

शालनताईंनी तेवढंच लिहिलं. नभमेलचं उत्तर चार तासांत आलं. आपोआप आलेलं, दोन ओळींचं. दार उघडलं होतं. सहकार्याबद्दल आभार मानले होते.

स्नेहलला सांगायला त्या स्वतः गेल्या. वाटलं होतं ती रडेल, निदान सुटल्यासारखी दिसेल. तिने सगळं ऐकून घेतलं, मग उठून उलटा ठेवलेला फोटो हातात घेतला. सुलटा केला नाही. काच छातीशी धरून तशीच उभी राहिली.

“जिताडा ठेव म्हणाला?”

“हो.”

“मी त्याच्या तेराव्याला मनात म्हटलं होतं, बरं झालं मेलास.” ती इतक्या हळू बोलली की शालनताईंना पुढे वाकावं लागलं. “आता हे कुणाला परत घ्यायला सांगू?”

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोघी दिवाळ्याला गेल्या. शिर्क्यांचा हवालदार आधीच येऊन गेला होता, गल्लीला सगळं कळलं होतं. बायका दारांत उभ्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी ज्यांनी स्नेहलच्या तोंडावर दार लावलं होतं त्यातल्या दोघी-तिघी नुसत्याच मान खाली घालून आत गेल्या.

गोजरा ओट्यावर बसली होती. सुनेला पाहून ती उठली, तिला धरायला पुढे केलेला हात अर्ध्यातच थांबला. “ये,” एवढंच म्हणाली. मग आत वळून हाक मारली, “किमया, बाला, आई आली बग.”

मुलगी दारापर्यंत आली. केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. आईला पाहिलं तशी ती चटकन मागे सरली आणि आजीच्या लुगड्याआड झाली.

“किमू,” स्नेहल म्हणाली. ती खाली बसली, हात पुढे केले. “चल ना. आपण घरी जाऊ.”

किमयाने मान हलवली. आजीचं लुगडं घट्ट धरलं.

“जा बाय,” गोजरा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “तुजी आई चांगली हाय. तिना काय नाय केला. ते आजी चुकीचा बोलली. चुकीचा सांगितला तुला.”

मुलीने वर आजीच्या तोंडाकडे पाहिलं. आजी रडत होती. आजी रडायला लागली की काय करायचं, हे तिला तीन महिन्यांत नीट कळलं होतं. दर संध्याकाळी बाबाच्या फोटोपुढे दिवा लागला की आजी रडायची, आणि शिकवलेलं म्हणून दाखवलं की डोळे पुसून तिला जवळ घ्यायची, साखर द्यायची.

किमयाने लुगडं सोडलं. पुढे येऊन सरळ उभी राहिली, डोळे मिटले, हात जोडले.

“माझ्या बाबाला आईनं मारलं,” तिने स्पष्ट, मोठ्यांदा म्हटलं. “मी आईसारखी होणार नाही. मी आईसारखी होणार नाही.”

गोजराने झडप घालून तिचं तोंड दाबलं. पण हाताखालून ते शब्द येतच राहिले, कारण आजी अजून रडत होती.